उतारवयातील खर्ज : स्वस्त बास गिटार घ्यावी का?

वाचकहो, उतारवयात एखादे वाद्य शिकावे असे मनात आले, की घरातून बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर सरळ असते : ‘आता या वयात कशाला?’ दुसरे अधिक मायेचे असते : ‘घ्या की एखादे स्वस्तातले, असे किती दिवस वाजवणार आहात!’ पहिल्या उत्तरात इच्छेला नकार असतो. दुसऱ्यात होकार असतो खरा, पण त्या इच्छेचे आयुष्य किती, याचा हिशेबही आधीच मांडलेला असतो. मला वाटते, ज्येष्ठांच्या हाती स्वस्त वस्तू देण्यात काहीच गैर नाही. मात्र ‘किती दिवस’ हा विचार करून दिलेली वस्तू आणि ‘हिच्या हाताला काय झेपेल’ हा विचार करून दिलेली वस्तू यांत फार अंतर असते. हे अंतर मला एका बास गिटारच्या निमित्ताने नीट उमगले, म्हणून हा लेख.

मी मिरजेत राहतो. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांचे हे गाव. २०२४ साली येथील सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावात आयुष्य काढलेल्या, विमा कार्यालयातून निवृत्त झालेल्या माणसाने एकोणसत्तराव्या वर्षी बास गिटार मागावी, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. त्यामागचे कारण संगीतापेक्षा कानाशी अधिक निगडित होते.

वयानुसार येणारे बहिरेपण बहुतेकांमध्ये वरच्या पट्टीपासून सुरू होते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. श्रवणतज्ज्ञाने काढलेल्या माझ्या आलेखात २५० हर्ट्झपाशी रेषा जवळजवळ तरुण माणसासारखी आहे आणि ४००० हर्ट्झपाशी ती दरीत उतरते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीवर अवलंबून असते. म्हणून ‘सात’ की ‘हात’ हे अंदाजाने ठरवावे लागते. संगीतातही तेच घडते. तंबोऱ्याची झळाळी, टाळाची किणकिण, बासरीचा वरचा श्वास हे एकेक करून निघून जातात.

पत्नीच्या पुढाकाराने आमच्या वसाहतीत दर शनिवारी जुन्या गाण्यांची मैफल भरते. बारा-पंधरा ज्येष्ठ, एक पेटी, एक तबला. मी मागच्या खुर्चीवर बसत असे आणि हळूहळू लवकर उठू लागलो होतो. माणसे हसली की हसायचे, टाळ्या वाजल्या की वाजवायच्या, यात थकवा फार येतो. श्रवणयंत्र लावल्यावर बोलण्यात फरक पडला. गाणे मात्र पातळच राहिले. अशा काळात मुलीच्या घरी एका मोठ्या ध्वनिवर्धकावर जुने चित्रपटगीत ऐकताना खालून चालणारा बासचा स्वर मला स्वच्छ ऐकू आला, आणि खुर्चीच्या हाताला ठेवलेल्या तळव्यातही जाणवला. कित्येक वर्षांत गाण्यातील एखादी गोष्ट मी इतरांइतकी पूर्ण ऐकली होती. एक मित्र म्हणाला, ‘अरे, त्यापेक्षा टाळ घे, साठ-सत्तर रुपयांत काम होईल.’ टाळच तर मला नीट ऐकू येत नाही, हे त्याला समजावून सांगावे लागले.

बास गिटारच्या चार मोकळ्या तारा साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ या कंपनसंख्यांच्या असतात. म्हणजे पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेच्याही खाली तिचे घर सुरू होते. ज्यांचा कान माझ्यासारखा वरून खाली झिजतो, त्यांच्यासाठी हा शेवटपर्यंत शाबूत राहणारा प्रदेश असू शकतो. सर्वांचे तसे नसते. काही विकारांत खालची पट्टी आधी जाते. म्हणून पहिली विनंती अशी, की वाद्याच्या दुकानात जाण्याआधी श्रवणतज्ज्ञाकडे जा आणि आपला आलेख समजून घ्या. श्रवणयंत्रात संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते का, हेही विचारा. वाद्य हा श्रवणयंत्राला पर्याय नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वस्त बास गिटार घेण्याजोगी असते का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे. तिच्या किमतीइतकेच लक्ष तिची जुळणी करण्यावर द्यायला हवे, आणि तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवायला हवेत.

होकाराचे कारण या वाद्याच्या जन्मात आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रेडिओदुरुस्ती करणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. त्याआधी बास म्हणजे माणसापेक्षा उंच असे उभे वाद्य. ते वाहून नेणे अवघड आणि गोंगाटात ऐकू येणे त्याहून अवघड. फेंडर यांनी भरीव लाकडी पाट घेतला, त्याला पडद्यांची दांडी स्क्रूने बसवली आणि तारांखाली चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. तंबोरा भोपळ्याच्या जातीवर आणि कारागिराच्या हातावर उभा असतो. त्यात स्वस्ताई शिरली की नादच बिघडतो. विजेची बास गिटार मात्र पहिल्या दिवसापासून कारखान्यात, सुटे भाग जोडून घडवण्यासाठीच आखलेली आहे. आज दहा-पंधरा हजारांच्या वाद्यातही मूळ रचना तीच असते.

मग पैसे वाचतात कुठे? मुख्यत्वे शेवटच्या हातकामात. पडद्यांची टोके घासून गुळगुळीत करणे, दांडीच्या वरच्या टोकाला तारांसाठी असलेल्या खाचा योग्य खोलीच्या करणे, पडदे एका पातळीत आणणे, यांना माणसाचा वेळ लागतो आणि स्वस्त वाद्यात तोच कापला जातो. खुंट्या थोड्या ढिल्या असतात, आवाजाची बटणे खरखरतात. तरुण मुलगा या उणिवा ओढून नेतो. त्याच्या बोटांत जोर असतो आणि कातडी लवकर घट्ट होते. सत्तरीच्या हातासाठी मात्र तारेची एक मिलिमीटर जास्त उंची म्हणजे सांध्यांवरचा रोजचा भार. म्हणूनच मी म्हणतो, की बिनजुळणीची स्वस्त बास तरुणाला चालून जाईल, ज्येष्ठाला नाही.

मी पहिल्यांदा ज्या दुकानात गेलो, तेथील विक्रेत्याने नऊ हजारांची एक गिटार माझ्या मांडीवर ठेवली. तारा इतक्या उंच होत्या, की दोन बोटांनी दाबूनही स्वर दबका निघेना. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘काका, सवय होते.’ वाचकहो, हे वाक्य ऐकले की तेथून उठावे. मिरजेत तंबोऱ्याला जवारी लावणारा कारागीर असे कधी म्हणत नाही. घोडीवरील तो पृष्ठभाग कानसाने घासून, तार पुन्हापुन्हा छेडून, नाद मोकळा होईपर्यंत तो वाद्यालाच दोष देतो, वादकाला देत नाही. बासच्या जुळणीलाही मी मनातल्या मनात जवारीच म्हणतो. कोल्हापुरातील एका तरुण कारागिराने दांडीच्या पोटातील लोखंडी सळई फिरवून तिचा बाक कमी केला, वरच्या खाचा खोल केल्या, घोडी खाली आणली, पडद्यांची टोके घासली. दोन तासांनी तेच वाद्य एका बोटाच्या साध्या दाबाने बोलू लागले.

हिशेब मोकळेपणाने मांडतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे घर निवृत्तिवेतनावर चालते. शोधून काढलेल्या आखूड बासचे ११,५०० रुपये, गुळगुळीत तारांच्या संचाचे ३,५००, जुळणीचे १,२००, हेडफोनसाठीच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचे २,००० आणि रुंद पट्टा व स्वर जुळवण्याचा चिमटा यांचे ८००. एकूण १९,००० रुपये. किमतीच्या चिठ्ठीवर ११,५०० असले, तरी खरी किंमत ही. आपल्या खिशात १२,००० असतील, तर १२,००० ची गिटार घेऊ नका. सात-आठ हजारांची, शक्य तर एखाद्या विद्यार्थ्याने वापरून ठेवलेली घ्या आणि उरलेले जुळणीवर खर्च करा. माझ्या मुलीने साठ हजारांची उत्तम बास घेऊन देण्याची तयारी दाखवली होती. मी तिला नको म्हटले. महाग वस्तू घरात आली, की ती वाजवण्यापेक्षा जपली जाते, आणि जड वाटल्यास परत करायचा संकोच होतो.

‘आखूड’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. नेहमीच्या बासमध्ये तारेची वाजती लांबी ३४ इंच असते. आखूड बासमध्ये ती ३० इंच किंवा त्याहून थोडी कमी असते. ३४ इंची बासवर दांडीच्या टोकापासून चौथ्या पडद्यापर्यंत हाताला सात इंच जावे लागते, ३० इंचीवर सव्वासहाच्याही आत. शिवाय तारेचा ताण कमी, दांडी लहान आणि वजनही बहुधा हलके. खांदा, मनगट किंवा बोटांचे सांधे दुखत असतील, तर हा फरक कोणत्याही ब्रँडच्या नावापेक्षा मोलाचा आहे.

दुकानात काय पाहावे? सोबत तीन गुळगुळीत एटीएम कार्डे ठेवा. एका कार्डाची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर असते, तिन्ही मिळून सव्वादोन. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यामध्ये ही तीन कार्डे जेमतेम बसली, तर उंची योग्य समजावी. पाच-सहा कार्डे सहज बसत असतील, तर जुळणी हवी. दांडीच्या कडेवरून तळवा हलकेच फिरवा. पडद्यांची टोके टोचता कामा नयेत. ज्यांना मधुमेह आहे आणि बोटांची संवेदना कमी आहे, त्यांनी ही तपासणी सोबतच्या व्यक्तीकडून करून घ्यावी. प्रत्येक पडद्यावर एकेक स्वर वाजवा. तार कुठे खरखरली, तर त्याच्या पुढचा एखादा पडदा वर आलेला असू शकतो. स्वर जुळवून पाच मिनिटे वाजवा आणि पुन्हा तपासा; खुंट्या सरकत असतील, तर कळून येईल. स्वर जुळवण्याचा चिमटा वाद्याच्या कंपनांवरून काम करतो, त्यामुळे ऐकू कमी येणाऱ्यालाही डोळ्यांनी स्वर लावता येतो. आणि शेवटी, दहा मिनिटे मांडीवर घेऊन नुसते बसा. खांदा काय म्हणतो ते ऐका. वजन साडेतीन किलोच्या आत असले तर बरे.

आता शरीराविषयी. हात नसलेल्या, पाठ टेकता येणाऱ्या खुर्चीवर बसून वाजवावे, पण बसूनही पट्टा गळ्यात असावा. नाहीतर डावा हात दांडी तोलण्यातच थकतो. सुरुवात दहा मिनिटांनी करावी, दिवसातून दोनदा. बोटांच्या टोकांची चुरचुर काही आठवड्यांत कमी होते; मनगटातील मुंग्या, रात्री हात बधिर होणे, बोट अडकून ‘टक्’ होणे ही मात्र थांबण्याची चिन्हे आहेत, तेव्हा डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. मधुमेहींनी वाजवून झाल्यावर बोटांची टोके पाहावीत; फोड न जाणवता वाढू शकतो. पेसमेकर असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारावे आणि हेडफोन छातीवर लोंबकळत ठेवू नये, कारण त्यात चुंबक असतो. आवाजाची मर्यादाही पाळावी : जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. बासचा आवाज कानाला टोचत नाही, म्हणून तो नकळत वाढवला जातो.

काळजी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट अधिक महत्त्वाची. मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, की जमिनीवर दहा फूट काळी वायर पसरते आणि संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात ती कुणाच्याही पायात येते. ज्येष्ठांच्या घरात पडण्याचे आणखी एक कारण का वाढवावे? गिटारमध्येच खोचायचा छोटा हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायर त्यासाठीच उत्तम. शेजाऱ्यांनाही त्रास नाही. पुढे मोठा घेतलाच, तर भिंतीलगत ठेवावा आणि अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडावा. जुन्या घरांत हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणे आवश्यक आहे. पावसाळ्यात दमट हवेने दांडीचा बाक बदलतो. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, जुळणी पुन्हा पाहून घ्यावी.

‘पण शिकणे जमेल का?’ हा प्रश्न उरतो. येथे बास आपल्यावर फार कृपाळू आहे. बायकांची काळी चार तिच्या सर्वांत जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर मिळते आणि पुरुषांची काळी एक शेजारच्या तारेच्या चौथ्याच पडद्यावर. ज्या पडद्यावर षड्ज, त्याच्या पुढच्या तारेवर दोन पडदे पलीकडे पंचम. पट्टी बदलली, तर सगळा हात तसाच सरकवायचा. बोटांची ठेवण बदलत नाही. काळी एकमध्ये तर मंद्र पंचम जाड तारेवर त्याच पडद्यावर बसतो. केरव्यात किंवा दादऱ्यात समेवर षड्ज आणि मधल्या मात्रेवर पंचम एवढे नीट पडले, तरी गाण्याला जमीन मिळते. डेट्रॉइटचे थोर बासवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत. कॅरोल के यांनी गिटार सोडून बास हाती घेतली, ती १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बासवादक आला नाही म्हणून. आपल्या हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय संगीतकारांनी जे वाद्यमेळ बांधले, त्यांतही खालचा आधारस्वर कानाला न जाणवता गाणे उचलून धरतो. हे काम साधे आहे, पण नजरेत न येणारे आहे; उतारवयाला ते शोभते.

वाद्यवादनाने स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा मी करणार नाही. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वाचन, पटावरचे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. पण ज्यांचा मेंदू आधीच सशक्त, तेच असे छंद जोपासत असतील, हीही शक्यता राहते. औषध म्हणून बास घेऊ नका. माणसांत बसण्याचे निमित्त म्हणून घ्या. तेवढे कारण पुरेसे आहे.

कुणी घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या सोबत गाणारे कुणी नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही, त्यांना एकट्या बासचा कंटाळा येऊ शकतो. त्यांनी पेटी किंवा साधी गिटार पाहावी. हाताची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर थांबावे. आणि घरातील तरुणांनो, आईवडिलांना अचानक भेट म्हणून वाद्य आणून देऊ नका. त्यांना सोबत घेऊन जा, त्यांच्या मांडीवर ते ठेवा, आणि दुकानदाराला घाई करू देऊ नका. ज्यांच्या हातात ते रोज राहायचे आहे, निर्णय त्यांचाच असावा.

माझ्या श्रवणाचा आलेख दोन वर्षांत सुधारलेला नाही. रेषा आणखी थोडी खालीच आली आहे. शनिवारी पत्नी कडव्याआधी काय म्हणते, ते मला आजही अर्धेच कळते. पण सम कुठे आहे, हे मला कळते, कारण ती मीच वाजवत असतो. गाणे संपेपर्यंत उठता येत नाही, आणि उठावेसे वाटतही नाही. १९,००० रुपयांत याहून चांगली खरेदी मी निवृत्तीनंतर केलेली नाही. आपल्या कानाला जे अजून ऐकू येते आणि आपल्या हाताला जे अजून पेलते, ते शोधा. मग किंमत कमी असली, तरी संकोच नको.